गिरणी कामगारांच्या इमारतींतलं महिन्याचं बिल

संपादक महोदय,

गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली की पेढे वाटतानाचे फोटो छापून येतात. २०१२ साली आम्हीही वाटले होते. माझे यजमान गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. ८२ चा संप मोडल्यावर ते पुन्हा कामावर लागले, पुढे गिरणीच बंद पडली. साडेसात लाखांत २२५ चौरस फुटांचं घर लागलं. माझ्या पाटल्या मोडल्या, उरलेलं कर्ज काढलं. मुंबईत या पैशात घर स्वप्नातही मिळालं नसतं. त्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

पण घेतलेलं घर चालवणं जड जातंय. चाळीत पाणी नळाला यायचं आणि वर जायला जिना होता. इथे मी सतराव्या मजल्यावर. पाणी चढवायला पंप, दोन लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा, वॉचमन, झाडलोट. महिन्याला २,३०० रुपये मेंटेनन्स. यजमानांच्या माघारी मला ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते १,००० रुपये. किमान पेन्शन २०१४ पासून तेवढीच आहे. वरचे पैसे मुलगा भरतो, तो कुरिअरमध्ये आहे. त्याचा हात मोडला तेव्हा चार महिने बिल थांबलं आणि खाली फळ्यावर थकबाकीदारांत माझं नाव लागलं. वाण्याचीही उधारी मी कधी ठेवली नव्हती. त्या आठवड्यात मी दुधाला खाली उतरले नाही.

कमिटीला मी बोल लावत नाही. ती मुलं रात्री कामावरून येऊन हिशेब लिहितात. निम्म्या घरांची बिलं थकली तर लिफ्टवाल्याला द्यायचं कुठून? मागच्या जूनमध्ये दोन्ही लिफ्ट अकरा दिवस बंद होत्या. चौदाव्या मजल्यावरच्या एका जुन्या फिटरना चौघांनी खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलं. सोसायटीच्या नियमांप्रमाणे थकबाकीवर व्याज लावता येतं, पण ज्याच्याकडे मुद्दलच नाही तो व्याज कुठून आणणार? काहींनी घर विकून गाव गाठलं. ज्यांच्यासाठी घरं बांधली, तेच निघून चाललेत.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींसाठी दर घरामागे विकासकाकडून ठेव घेतात, तिच्या व्याजाचा देखभालीला आधार होतो. तशी ठेव आमच्या सोसायट्यांना सरकारने द्यावी. गच्चीवर सौर पॅनेल बसवले तर पंप आणि लिफ्टचं वीजबिल उतरेल. सोसायट्यांना त्यासाठी केंद्राचं अनुदानही आहे, पण ते पॅनेल बसल्यावर हातात येतं. आधीचा पैसा उभा करायला बिनव्याजी कर्ज हवं. आणि पुढच्या सोडतीच्या जाहिरातीत घराच्या किमतीखाली महिन्याचा अंदाजे खर्चही छापावा. पाटल्या मोडायच्या आधी बाईमाणसाला तो आकडा दिसला पाहिजे.

एका गिरणी कामगाराची पत्नी, शिवडी, मुंबई
(कृपया नाव छापू नये.)