उपग्रहाला धोका जमिनीवरून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपग्रहावर सायबर हल्ला म्हटले की कोणीतरी थेट अवकाशातल्या यानाचा ताबा घेतला, असेच डोळ्यांपुढे येते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युरोपला इंटरनेट पुरवणाऱ्या ‘का-सॅट’ उपग्रहाच्या इंटरनेट सेवेवर हल्ला झाला, तेव्हा उपग्रहाला धक्काही लागला नव्हता. सेटिंग चुकलेल्या एका व्हीपीएन यंत्रणेतून (दुरून खासगी जाळ्यात शिरण्याच्या सोयीतून) हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन जाळ्यात शिरले आणि ग्राहकांच्या मोडेमना वरकरणी रीतसर दिसणाऱ्या आज्ञा देऊन त्यांच्या फ्लॅश मेमरीतला (वीज गेली तरी टिकणारा) मजकूर त्यांनी नासवला. युक्रेनमधली जोडणी गेलीच, शिवाय जर्मनीसह मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रणही तुटले. चक्क्या मात्र फिरत राहिल्या, कारण त्यांना जागेवरच स्वतःहून चालण्याची सोय होती. मोडेमच्या बदली सेवा देणाऱ्या कंपनीला जवळपास ३०,००० संच पाठवावे लागले.

हल्ला रोखण्याइतकाच हल्ल्यानंतर तगण्याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा, तो असा. उपग्रह बनवून घेण्याच्या अटींमध्ये ‘आज्ञा एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात) असाव्यात’ एवढे लिहून भागत नाही. एन्क्रिप्ट केलेली आज्ञा न उलगडताही रेकॉर्ड करून पुन्हा पाठवता येते. म्हणून प्रत्येक आज्ञेला क्रमांक हवा, त्या क्रमांकासकट पडताळणीचा शिक्का हवा आणि जुना क्रमांक उपग्रहाने नाकारायला हवा. खरी अडचण पुढे येते. प्रोसेसर रीसेट झाला आणि क्रमांक रीसेटसरशी पुसल्या जाणाऱ्या साध्या रॅममध्ये असला तर तो शून्यावर जातो; मग जुन्या आज्ञा पुन्हा चालतात. जमिनीवरचा क्रमांक मागे पडला तर उलट होते, उपग्रह आपल्याच माणसांना ओळखत नाही. या भीतीपोटी ‘सेफ मोड’मध्ये (बिघाड झाला की उपग्रह ज्या किमान कामाच्या स्थितीत जातो तीत) पडताळणी बंद ठेवण्याची पळवाट काढली जाते. ती आम्हाला सर्वांत घातक वाटते, कारण उपग्रहाला सेफ मोडमध्ये ढकलले की हल्लेखोराचे काम झाले. क्रमांक वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवावा आणि आणीबाणीसाठी पडताळणीची वेगळी सांकेतिक किल्ली प्रक्षेपणापूर्वीच भरून ठेवावी. पडताळणी कधीही बंद करू नये.

उपग्रहावर सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असाव्यात. नवी प्रत एकाच जागी लिहावी, डिजिटल सही तपासूनच ती सुरू करावी. ती अडकली तर वॉचडॉगने (यंत्रणा अडकल्यास ती पुन्हा सुरू करणाऱ्या पहारेकरी घड्याळाने) जुन्या प्रतीवर परत आणावे. घाईत दोन्ही जागी एकच अपडेट लिहिले की परतीचा मार्ग संपतो.

वेळेचाही प्रश्न आहे. वीजजाळी आणि मोबाइल टॉवर जीपीएसच्या घड्याळावर विसंबतात. २६ जानेवारी २०१६ रोजी काही जीपीएस उपग्रहांनी सुमारे १३ मायक्रोसेकंद चुकीची वेळ पाठवली. तो हल्ला नव्हता, साधी चूक होती. तरीही दूरसंचार यंत्रणांत कित्येक तास इशारे वाजत राहिले. एवढ्यासाठी केंद्रावर रुबिडियमचे अचूक अणुघड्याळ आणि वेळेचा दुसरा स्रोत हवा. जीपीएस आणि या दोहोंत तफावत दिसताच जीपीएस बाजूला ठेवण्याचा नियम आधीच ठरलेला हवा.

डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परतली, कारण कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे-जोडणारे मोठे स्विच) हाताने चालू केले. हे कसब सरावाशिवाय टिकत नाही. आमची मागणी एवढीच आहे की नियामकांनी सुरक्षा प्रमाणपत्राबरोबर सरावाचा अहवालही मागावा: कोऱ्या संगणकावर बॅकअपमधून नियंत्रण केंद्र उभे करायला किती तास लागले, जाळ्यापासून तोडून ठेवलेली प्रत खरोखर उघडली का, आणि दूरनियंत्रण बंद असताना ब्रेकर किंवा झडप कोणी, किती वेळात हाताळली.

आपले,
उपग्रह नियंत्रण क्षेत्रातील काही अभियंते