फसली सनात किती मिळवायचे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात इंटरनेटवरच्या आमच्या जुन्या चर्चागटावर तब्बल अडीच महिन्यांनी एक प्रश्न आला. गेवराईकडच्या एका मुलानं पणजोबांच्या खरेदीखताचा फोटो टाकून विचारलं होतं, "यात तालुका मोमिनाबाद लिहिलंय. हे गाव कुठं आहे?" मोमिनाबाद म्हणजे आमचं अंबाजोगाई, निजामाच्या कारभारातलं नाव. मी तसं लिहिलं. पूर्वी अशा प्रश्नावर तासाभरात सात-आठ जण तुटून पडायचे. या वेळी दोन दिवसांनी नांदेडच्या उर्दूच्या मास्तरांनी माझ्या वाचनातली एक चूक दाखवली आणि विषय तिथंच मिटला. गटाचे सभासद कागदावर चारशेच्या वर आहेत, पण नेमानं डोकावणारे आम्ही पाच.

आमच्यावरच ही वेळ आली असं नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. १९८० च्या सुमारास सुरू झालेलं यूजनेट म्हणजे या सगळ्यांचा आजोबा, पण फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सनंही त्यावरचं नवं लिखाण घेणं थांबवलं. मराठीत 'मायबोली' १९९६ पासून आणि 'मिसळपाव' २००७ पासून टिकून आहेत, त्यांचं कौतुकच. आमच्यासारख्या एकाच विषयाला चिकटून बसलेल्या लहान गटांचं मात्र गावातल्या बारवेसारखं झालंय. पाणी आहे, पण पायऱ्या उतरून जायला कुणाला वेळ नाही.

आमचा विषय निजामकाळातले कागद. त्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळं मराठवाड्यात कित्येक घरांत आजही पत्र्याच्या पेटीत असा एखादा कागद असतो, जो घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. गटावर कागदाचा फोटो पडायचा आणि मग आमची पंगत बसायची. परभणीचे एक निवृत्त नायब तहसीलदार पटवाऱ्याच्या सहीवरून सुरुवात करायचे, मास्तर मजकूर लावायचे, आणि बाकीचे आम्ही हुज्जत घालायचो.

सगळ्यात मोठी हुज्जत फसली सनावरून, म्हणजे निजामाच्या सरकारी कागदांवरच्या महसुली वर्षगणनेवरून झाली. फसली सनात किती मिळवले की इसवी सन येतं? एक गट ५९० वर अडून, दुसरा ५९१ वर. अकरा दिवस चाललं. एकानं दुसऱ्याची अक्कल काढली, एक जण रागानं गट सोडून गेला (महिनाभरात परत आला, तो आजच्या पाचांतला एक). शेवटी एकाच शेताचे दोन कागद पुढं आले, एक आजूर महिना, १३४२ चा आणि दुसरा तीर महिना, १३४२ चा. हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. तेव्हा आजूर १३४२ हे १९३२ साल, आणि त्याच वर्षातला तीर येतो १९३३ च्या उन्हाळ्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढं ५९१. दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

ती चर्चा आजही जागेवर आहे. परवाच्या त्या मुलालाही ती शोधताना सापडली, म्हणून तो आमच्यापर्यंत पोचला.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, हातोहाती मोबाइल आले आणि आमची माणसं व्हॉट्सअॅपवर गेली. मीही आहे तिथं, तीन ग्रुपांत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या ग्रुपांवर जुन्या कागदांचा पूर आला. उत्तरंही फटाफट मिळाली, आमच्या गटापेक्षा कितीतरी लवकर. पण फसली सनाचा हाच प्रश्न मी एका ग्रुपवर आतापर्यंत नऊ वेळा वाचलाय. नऊही वेळा कुणीतरी उत्तर दिलं, त्यातलं चार वेळा चुकीचं, आणि दुपारपर्यंत ते सुप्रभात आणि वाढदिवसांखाली गाडलं गेलं. ग्रुपबाहेरच्या माणसाला तर ते कधी दिसणारच नाही.

जुन्या गटांचे गोडवे गायचा माझा हेतू नाही. भांडणं तिथंही होती, आणि सुरुवातीला सगळं रोमन लिपीत लिहावं लागे, तेव्हा वाडा विकला की वडा विकला हे संदर्भावरून ठरवायचं. कागदांचे निम्मे फोटो आम्ही दुसऱ्याच साइटींवर ठेवले होते. त्या बंद पडल्या, आता तिथं रिकामे चौकोन दिसतात आणि खाली आमची पाच-पाच पानी चर्चा, न दिसणाऱ्या कागदाबद्दल. ही चूक आमचीच.

म्हणून उर्दू किंवा मोडी वाचणाऱ्या आपल्या वाचकांना विनंती आहे, की व्हॉट्सअॅपवर उत्तर जरूर द्या, पण तेच चार ओळींत एखाद्या उघड्या जागीही लिहून ठेवा. आणि कुठल्या जुन्या गटाचे चालक असाल, तर त्याचा पासवर्ड घरात एकाला तरी सांगा. आमचे परभणीचे नायब तहसीलदार गेल्या वर्षी गेले. गटाच्या चाव्या त्यांच्याकडं होत्या. ते गेल्याचं आम्हाला दीड महिन्यानं कळलं, कारण त्यांचं खरं नाव आमच्यातल्या एकालाच ठाऊक होतं. आता गट चालू आहे, पण नवा सभासद आत घेता येत नाही. तो गेवराईचा मुलगा जुनाच सभासद निघाला, वडिलांच्या खात्यावरून आलेला.

तेव्हापासून मी सगळ्या चर्चांच्या छापील प्रती काढायला घेतल्यात. तीन जाड फायली झाल्या. त्या आमच्या वाचनालयात नेऊन दिल्या, ग्रंथपालांनी आनंदानं घेतल्या आणि दाखल नोंदवही उघडली. लेखकाच्या रकान्यात काय लिहू, म्हणाले. आमची सगळ्यांची टोपणनावं सांगितली तर ते हसायला लागले. रकाना अजून मोकळा आहे; बाकीच्या चौघांना विचारून कळवतो म्हणून सांगून आलोय.

आपला,
एक जुना सभासद, अंबाजोगाई (जि. बीड)

(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा कळवला आहे, कृपया छापू नये.)