मित्रास पत्र : पितळखोऱ्याचा काळोख

जळगाव,
मार्गशीर्ष

प्रिय दोस्ता,

मी रंगवलेल्या चित्राचा फोटो पाठव म्हणतोस, पण नाही पाठवणार. मोबाईलमध्ये ते नुसतं चिखलाच्या रंगाचं दिसतं. समोर उभं राहून बघायला हवं, तेही खिडकी अर्धी लोटून. तोवर पत्रावर भागव.

विषय लेण्यांचाच आहे, पण अजिंठा मुद्दाम टाळला. तिथल्या भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभं राहिलं की हात आपोआप नक्कल करू लागतो, आणि नकलांचं नशीब तुला ठाऊक आहे. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती, त्यातल्या बहुतेक, १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सनी १८७२ पासून विद्यार्थी घेऊन पुन्हा घाट घातला, तर त्यातल्याही कितीतरी १८८५च्या आगीत खाक! गिल बिचारा आपल्या भुसावळच्या मातीत पडलाय. जाता-येता गाडीतून त्याची आठवण येते.

म्हणून पितळखोऱ्याची बौद्ध लेणी धरली. चाळीसगावहून घाट चढून जायचं आणि मग पायऱ्यांनी दरीत उतरायचं. लेणी कोरली इसवी सनापूर्वी, खांबांवरचे बुद्ध रंगवले त्यानंतर कित्येक शतकांनी. चैत्यगृहाचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाचा, दर्शनी भाग कोसळलेला, त्यामुळे उजेड थेट आत घुसतो. अष्टकोनी खांबांवर रंगाचे तुकडे तेवढे उरलेत. कुठे बुद्धाच्या चिवराची, म्हणजे वस्त्राची, कड, कुठे प्रभावळीचा अर्धा गोल. पण मला गाठलं ते खांबांमागच्या प्रदक्षिणेच्या अरुंद वाटेनं. तिथून चालताना उजेड येतो, खांब येतो, पुन्हा उजेड, पुन्हा खांब. चार पावलांत आपली चाल आपोआप मंदावते. मला रंगवायचं होतं ते एवढंच, ते मंदावणं.

आता कामाचं सांगतो, तुला त्यातच रस. कॅनव्हास घेतलाच नाही. प्लायवर गिलावा चढवला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू सापडतात. आपल्याकडे तूस कुठला, म्हणून गव्हाचं भुसकट कुटून घातलं. काळी माती वाळताच तडकते, तेव्हा धाब्याच्या घरावर घालतात ती पांढरी माती आणली. वर चुन्याचा पातळ हात. रंग गेरू, रामरज म्हणजे पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी, सगळे डिंकात कालवलेले. काळोख नुसत्या काजळीनं होत नाही रे, ती भिंतीला भोक पाडल्यासारखी दिसते. गेरूचा हात वाळू द्यायचा, त्यावर हिरव्या मातीचा पाणीदार हात, पुन्हा गेरू. असे थर चढत गेले की काळोखाला ऊब येते, नजर आत शिरते. काजळी फक्त खांबांच्या बुडाशी लावली.

शेजारचे आप्पा बघून म्हणाले, "काय भो, यात देव कुठंय?" एक गिऱ्हाईकही आलं होतं. मधोमध सोनेरी बुद्ध बसवून द्या, लगेच उचलतो म्हणालं. भाव बरा होता, खोटं कशाला बोलू! पण ही लेणी कोरली तेव्हा त्यात बुद्धाची मूर्ती नव्हतीच, वंदन स्तूपाला होतं. जिथं कोरणाऱ्यांनी चेहरा मागितला नाही तिथं मी का घुसडू? हल्ली मिटलेले डोळे आणि एक कमळ काढलं की झालं 'आध्यात्मिक' चित्र. हॉटेलच्या लॉबीत टांगायला ठीक आहे.

एकाच गोष्टीवर अडलोय. उजव्या खांबावर निळ्याचा एक बारीक तुकडा हवा असं वाटतं. अजिंठ्याला लाजवर्द, म्हणजे निळ्या रंगाचा दगड, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा, आपल्याला तो परवडणार नाही, आणि ट्यूबमधला निळा या मातीत फार आगाऊ दिसेल. तू म्हणशील, घाल. मी म्हणेन, नको. तेव्हा प्रदर्शनाला पाठवण्याआधी ये आणि समोरासमोर भांड. भरिताच्या वांग्यांचा हंगाम आहे, घरी भरीत-पुऱ्यांचा बेत ठरलाच समज. वहिनींनाही आण. आणि फ्रेमवाला काच लावायचा हट्ट धरतोय, त्याला गप्प करायलाही तूच हवास.

तुझाच,
दोस्त