कंपाउंडर नाही हो बाबा

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी जरा चिडलेच, त्याबद्दल आधी सॉरी. पण तुम्हीच सांगा, दीड वर्ष झालं मी इथं अमेरिकेत पीएच्या कोर्ससाठी रात्र रात्र जागतेय आणि बाबा विचारतात, "म्हणजे शेवटी कंपाउंडरच ना गं?" आणि मागून काकांचं हसणं. मग माझं डोकंच फिरलं. व्हिडिओ कॉलवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. दादाला म्हटलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे.

तर पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. नावात असिस्टंट आहे खरं, पण पीए पेशंट तपासतो, निदान करतो, टेस्ट लिहून देतो, औषधं लिहून देतो, टाके घालतो, ऑपरेशनला सर्जनच्या समोर उभा राहतो. डॉक्टरांच्या बरोबरीनं टीममध्ये काम करायचं, त्यात कितपत मोकळीक असते ते प्रत्येक राज्याच्या कायद्याप्रमाणे बदलतं. नावावरून इथंही लोकांचा गोंधळ होतो, म्हणून पीएंच्या संघटनेनं 2021 मध्ये असिस्टंटच्या जागी असोसिएट म्हणायचा ठराव केलाय. काकांना असोसिएट सांगा, वजन पडेल.

हे सुरू झालं 1965 मध्ये, नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत. तेव्हा डॉक्टर कमी पडत होते, विशेषतः खेड्यापाड्यात, आणि दुसरीकडे नेव्हीतून बाहेर पडलेली पोरं होती ज्यांनी जहाजावर जखमा शिवलेल्या, इंजेक्शनं दिलेली, पण नागरी आयुष्यात त्या अनुभवाला कुणी विचारत नव्हतं. डॉ. यूजीन स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा कोर्स काढला. 6 ऑक्टोबर 1967 ला तिघं पास होऊन बाहेर पडले. म्हणजे बाबा, पहिल्याच बॅचला गळती 25 टक्के!

गळती हा शब्द मुद्दाम वापरला, कारण मला तुम्हाला खरी सांगायची गोष्ट तीच आहे.

तुम्हाला आठवतं ना, तुमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून चौकात बोर्ड लावलेला आणि तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता. मी लहान होते, मला कळेचना की निकाल चांगला लागला तर बाबा का रुसले. मग आईनं सांगितलं की कच्च्या पोरांना नववीतच दाखला देऊन 17 नंबरचा फॉर्म भरायला लावलेला, त्यामुळे ती शाळेच्या निकालात आलीच नाहीत. तुम्ही मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलात आणि पुढचं वर्षभर तुम्हाला सगळे मधल्या सुट्टीनंतरचे तास मिळाले.

ते इथं चालत नाही हो. पीए कोर्सना मान्यता देणारी एक संस्था आहे, तिचा नियमच आहे की प्रत्येक कोर्सनं आपली ध्येयं काय आणि त्यातलं पदरात काय पडलं हे जाहीर छापायचं. नुसतं "आम्ही उत्तम आरोग्यसेवक घडवतो" लिहून सुटका नाही, त्याचा पुरावा द्यायचा. आमच्या कॉलेजची ध्येयं अशी की पोरं पहिल्या झटक्यात लायसनची परीक्षा पास व्हावीत, घेतलेली पोरं शेवटपर्यंत टिकावीत, आणि बाहेर पडून जिथं डॉक्टर मिळत नाहीत तिथं कामाला जावीत. याच्याखाली दोन तक्ते. एकात मागच्या पाच वर्षांचा परीक्षेचा निकाल. दुसऱ्यात प्रवेश किती, पास होऊन बाहेर किती, मधेच गळाले किती, टक्केवारीसकट, आणि तो दर वर्षी 1 एप्रिलच्या आत ताजा करायचा. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी असले की बनवाबनवी लगेच दिसते, कच्च्यांना हाकलून पहिला आकडा फुगवला तर दुसरा बोंब मारतो. आणि पहिल्या प्रयत्नाचा निकाल 85 टक्के किंवा त्याच्या खाली गेला तर कॉलेजलाच लेखी खुलासा द्यावा लागतो, आमचं कुठं चुकलं म्हणून. पोरांना नाही, कॉलेजला! अ‍ॅडमिशन घेताना अभि फी बघत होता आणि मी हे तक्ते बघत होते.

पण तक्ता बाहेरून बघणं वेगळं. आम्ही आत आलो चाळीस जण. पहिलं वर्ष म्हणजे नुसती मारामारी, सकाळी आठ ते पाच लेक्चर, अ‍ॅनाटॉमीला देहदान केलेलं शरीर (पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी उभं राहून शांतता पाळली, तेव्हा मला आजोबांची आठवण आली, का ते माहीत नाही), डुकराच्या पायांवर टाके घालायची प्रॅक्टिस, हे आजीला सांगू नका. मिरजेला फिजिओ केलेलं म्हणून स्नायू-हाडं मला पाठ, पण फार्माकॉलॉजीनं असं लोळवलं की एका पेपरात दोन मार्कांनी गेले. तुम्हाला कळवलं नव्हतं. रिटेक दिली, निघाले.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी नाही निघाली. अँब्युलन्सवर काम करून आलेली, दोन लहान मुलं, रात्री त्यांना झोपवून अभ्यासाला बसायची. सरांनी तिला जादा वेळ दिला, शिकवणी दिली, एक वर्ष मागच्या बॅचमध्ये ये म्हणाले, पण घरचं गणित जमेना. जायच्या दिवशी तिनं तिचा स्टेथोस्कोप लॉकरमध्ये विसरला, मीच पोस्टानं पाठवला. चाळीसात एक म्हणजे अडीच टक्के. आमचा रकाना छापून येईल तेव्हा 2.5 दिसेल आणि मला त्यात तिचा चेहरा दिसणार.

आता क्लिनिकल वर्ष चालू आहे. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, सर्जरी, लहान मुलं, बायकांचे आजार, मानसिक आजार, इमर्जन्सी असं ठिकठिकाणी आळीपाळीनं काम. सध्या मी एका खेड्यातल्या दवाखान्यात आहे, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मोठं हॉस्पिटल चाळीस मैल लांब. जिच्या हाताखाली आहे ती स्वतः पीए, वीस वर्षं तिथंच, अर्धं गाव तिला नावानं हाक मारतं.

मागच्या आठवड्यात एक म्हातारा शेतकरी आला, गुडघा दुखतोय म्हणून. मला आनंदच, गुडघा म्हणजे माझं राज्य! वाकवला, फिरवला, सगळ्या टेस्ट केल्या आणि बाहेर येऊन तिला ऐटीत केस सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, रात्री किती उशा घेतो? मला माहीतच नाही, मी विचारलंच नव्हतं. परत आत गेलो तर म्हणे दोन आठवडे झाले खुर्चीतच झोपतोय, आडवं झालं की दम लागतो. तिनं त्याचा मोजा खाली केला, मोज्याच्या रबराचा खोल वळ, माझा अंगठा धरून नडगीवर दाबायला लावला, आणि अंगठा काढला तरी खड्डा तसाच, भिजवलेल्या कणकेसारखा. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडून अंगात पाणी साठलेलं. गुडघा पण दुखत होता, खोटं नव्हतं, पण आम्ही त्याला त्याच दुपारी हॉस्पिटलला पाठवला. काल त्याची बायको दवाखान्यात मक्याची कणसं ठेवून गेली, माझ्या वाटणीला सहा आली. भाजायला गॅस नाही, इलेक्ट्रिक शेगडी आहे, ती खमंग चव काय आली नाही.

कोर्स एकूण 27 महिन्यांचा. संपला की आठवड्यानं ती लायसनची मोठी परीक्षा देता येते, 300 प्रश्न, पाच तास. ती पास झाले की राज्याचं लायसन, आणि मग मी औषध लिहून देऊ शकते. पुढंही सुटका नाहीच, दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

म्हणून आई, तू विचारलंस ना बाबांच्या शुगरची गोळी वाढवू का, तर नाही. माझ्याकडे अजून लायसन नाही, आणि असतं तरी इथून फोनवर वाढवली नसती. दादाला सांग, बाबांना तीन महिन्यांची साखर सांगणारी टेस्ट करायला घेऊन जा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि फोटो मला पाठवा. आणि बाबा, बेदाण्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर पेपरांच्या गठ्ठ्यामागे असतो हे मला माहितीये. आईला सांगितलेलं नव्हतं, आता सांगितलं.

तुमची,
ताई