सीटीडी खाली गेलाय, तोवर पत्र

प्रिय दोस्ता,

आमच्या समुद्र-संशोधनाच्या बोटीवरून सीटीडी, म्हणजे पाणी तपासणारा सांगाडा, आत्ताच पाण्यात गेलाय, खोली चार हजार मीटर, विंच मिनिटाला साठेक मीटर केबल सोडतो म्हणजे नुसतं खाली पोचायलाच तास उलटून जातो आणि वर येताना जागोजागी थांबत यायचं, त्यामुळे मला लिहायला निवांत वेळ आहे. तू विचारलं होतंस ना दिवसभर करता काय, तर बरंचसं हेच, केबलचे आकडे बघत बसणं.

सीटीडी म्हणजे पाण्याचा खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारे सेन्सर, आणि त्यांच्याभोवती गोल चौकटीत उभ्या केलेल्या चोवीस बाटल्या. जाताना दोन्ही टोकं उघडी असतात, येताना लॅबमधून बटण दाबलं की त्या खोलीवरची बाटली तिथेच बंद. डेकवर आल्यावर खरी धावपळ. पाणी कुणी आधी घ्यायचं ते ठरलेलं असतं, गॅस मोजणारे पहिले कारण हवा लागली की त्यांचं सॅम्पल बिघडतं, मीठ मोजणारे शेवटी. मध्ये घुसलास तर मोठमोठे प्रोफेसरसुद्धा खेकसतात.

माझ्याकडे ऑक्सिजन आहे. रबरी नळी काचेच्या फ्लास्कच्या तळापर्यंत घालायची, पाणी वरून भरपूर वाहू द्यायचं, एक बुडबुडा राहिला तर सॅम्पल गेलं. तळाचं पाणी एक-दोन डिग्रीचं, डेकवर ऊन भाजत असलं तरी बोटं बधिर होतात. मग दोन केमिकल टाकायची, बूच लावायचं आणि जोरात हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. काही समुद्रांत पाचेकशे मीटरवरचं पाणी घेतलं ना की साका पांढुरकाच राहतो, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, आणि गंमत म्हणजे त्याच्याही खूप खालचं तळाचं पाणी परत तपकिरी! कारण ते कधीतरी शेकडो वर्षांपूर्वी ध्रुवाकडे थंड होऊन, भरपूर हवा पोटात घेऊन बुडालेलं असतं. ही विंकलर नावाच्या केमिस्टची पद्धत 1888 ची आहे, सेन्सर असूनही ती लागतेच, कारण सेन्सरचे आकडे हळूहळू भरकटतात आणि ते पकडायला दुसरं काहीतरी हवं. मला तर ती सेन्सरपेक्षा आवडते, निदान डोळ्यांना काहीतरी दिसतं.

शिफ्ट बारा तासांची, माझी मध्यरात्र ते दुपार. केबिनमधली दुसरी मुलगी उलट्या शिफ्टला, त्यामुळे आमची ओळख दारातच काय ती, ती डोळे चोळत बाहेर आणि मी आत. झोपायचं म्हणजे एक कलाच आहे, बोट हलायला लागली की लाईफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली खुपसायचं, मग आपण भिंतीच्या बाजूला घरंगळतो आणि तिथेच अडकून राहतो. त्यात आवाज सोडून समुद्राची खोली मोजणारा सोनार रात्रभर चिवचिवतो, बुटात कुणीतरी पिल्लू ठेवल्यासारखा. बाकी इथे सगळं बांधलेलं असतं, कॉम्प्युटर, खुर्च्या, फ्लास्कच्या पेट्या, आणि जे बांधलं नाही ते पहिल्या लाटेला खाली. बोट लागणं मला दोन-तीन दिवस झालं, ज्यांना लागत नाही त्यांचे सल्ले ऐकणं जास्त त्रासाचं.

अरे हो, थर्माकोलचे कप! त्यावर स्केचपेनने चित्रं काढायची, जाळीच्या पिशवीत घालून सीटीडीला बांधायचे, चार हजार मीटरवर वरच्या चारशे पट दाब, कप एवढासा होऊन येतो पण चित्र जसंच्या तसं, फक्त छोटं. इथली सगळ्यात गंभीर माणसं ह्या पिशवीसाठी रांगेत उभी असतात. तुझं नाव लिहून एक आज पाठवलाय, व्याकरण तपासू नकोस.

बाकी फायर ड्रिल, तो अवाढव्य रबरी सूट वगैरे भेटल्यावर सांगेन. उत्तर मात्र लांबलचक लिही, फोटो आणि व्हिडिओ नकोत, नेट सॅटेलाईटवरून येतं आणि ते सगळ्या बोटीत वाटून मिळतं, तुझा एक व्हिडिओ उघडला तर शेजारचा शिव्या घालेल. आणि त्या नोकरीच्या इंटरव्ह्यूचं काय झालं ते आधी सांग, बाकी गप्पा नंतर.

तुझीच,
मी