आरोग्य नोंदींसाठी जाणकार हवेत

बारावीनंतरच्या आरोग्यविषयक अभ्यासक्रमांवरील आपल्या करिअर पुरवणीतील लेख उपयुक्त आहे; मात्र त्यात आरोग्य माहितीशास्त्राची (रुग्णांच्या नोंदी व आरोग्यविषयक माहिती नीट जपण्याच्या व वापरण्याच्या शास्त्राची) ओळख संगणक अभियंत्यांची शाखा एवढीच करून दिली, हे पटले नाही. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या 2021 च्या कायद्याने आरोग्य माहिती व्यवस्थापन व माहितीशास्त्र यांना मिळून फिजिओथेरपीप्रमाणेच स्वतंत्र व्यावसायिक वर्ग मानले आहे. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. आज अनेक रुग्णांकडे या अभियानाचा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक असतो. पण त्याला जोडलेली नोंदच चुकीची असेल, तर पुढचा डॉक्टर तिच्यावर विसंबणार कसा? घाईत लिहिलेले निदान वाचून त्याला आयसीडीचा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा) योग्य संकेतांक देण्यासाठी शरीररचना, आजार आणि औषधे कळावी लागतात. निव्वळ प्रोग्रॅमिंग येऊन ते साधत नाही. त्यामुळे परिचारिका, औषधनिर्माते आणि रुग्णालयांच्या अभिलेख विभागांतील कर्मचारी, ज्यांची दखल क्वचितच घेतली जाते, या कामासाठी अधिक तयार आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्यांना नोकरी सांभाळून करता येईल असा, प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षणासह अभ्यासक्रम जिल्हा पातळीवर द्यावा आणि शासनाने भरतीच्या नियमांत त्या पात्रतेचा समावेश करावा.

– एक वाचक, सांगली