चांदवेळ बंदरात भरती आणायची आहे: चिरे, पंप, विऱ्या आणि हात हवेत

ग्रामस्थ, वाचनालयाचे सभासद आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी यांना सप्रेम नमस्कार.

चांदवेळ हे बंदर कुठल्याही नकाशात सापडणार नाही. वाचनालयाच्या बालविभागाने कागदावर वसवलेलं ते बेट आहे. तिथल्या आकाशात दोन चंद्र आहेत, तिथे निळं मीठ पिकतं आणि दीपगृहात दिवट्या माशाचं तेल जळतं. दिवाळीत अंगणात किल्ला होतोच. यंदा त्याच्या जोडीला वाचनालयाच्या मागच्या खळ्यात हे बंदर खऱ्या पाण्यात बांधायचं ठरलं आहे. धनत्रयोदशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत इयत्ता ५वी ते ९वीची मुलं त्यात व्यापाराचा खेळ खेळतील. एका वेळी ३० मुलं, पाच-पाच जणांचे सहा तांडे, प्रत्येक तांड्याला तीन गलबतं.

पाणी निळ्या रंगाने रंगवून भागणार नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही भागणार. भरती-ओहोटी नसेल तर बंदराचा नुसता देखावा होतो. गलबत कधी आत घ्यायचं, माल कधी चढवायचा, कधी नांगर उचलायचा, हे सगळं पाणी ठरवतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुलांनी तो पाठ करण्यापेक्षा पाण्यात करून बघावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

चांदवेळचा हिशोब थोडा अवघड आहे. थोरला चंद्र ३० दिवसांचा, धाकटा २० दिवसांचा. उधाण आपल्यासारखंच पुनवेला आणि अवसेला. म्हणजे थोरल्याचं उधाण दर १५ दिवसांनी, धाकट्याचं दर १० दिवसांनी, आणि दर ३०व्या दिवशी दोन्ही एकदम. त्या दिवशी महाउधाण. खालच्या बाजारात अर्धा इंच पाणी शिरतं आणि ज्याने आदल्या दिवशी माल वरच्या पेठेत हलवला नाही, त्याचं मीठ विरघळतं. या वाक्यातल्या ‘अर्धा इंच’साठीच खाली मागितलेलं बहुतेक सामान लागणार आहे.

हौद आतून १४ फूट लांब, १० फूट रुंद. त्यातली सुमारे ४० चौरस फूट जागा बेट खाणार, म्हणजे पाण्याला १०० चौरस फूट उरतात. ओहोटीला पाणी ५ इंच. रोजची भरती २ इंचांची, महाउधाण ३ इंचांचं. ५ इंचांचे होतात साधारण ११८० लिटर आणि वरच्या ३ इंचांचे ७१० लिटर. एकूण वजन दोन टनांच्या घरात जातं, म्हणूनच वाचनालयाच्या माडीवरची खोली रिकामी असूनही तिथे हे करता येणार नाही. कृपया तो आग्रह धरू नये.

भिंतीला जांभ्याचे चिरे हवेत. सुके, सांधे न भरता रचलेले दोन थर. चौदा इंची चिरा धरला तर एका थराला ४४ लागतात, दोन थरांचे ८८, तुटफूट धरून ९५. हे दान नको, उसने द्या. घराचं काम थांबलेलं असेल आणि चिरे परड्यात पडून असतील, तर तुळशीच्या लग्नानंतर आठ दिवसांत मोजून परत पोहोचतील. प्रत्येकाच्या चिऱ्यावर चुन्याने खूण करून ठेवू. चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, तेव्हा टेम्पो आणि उचलायला सहा तरणी माणसं दिलीत तर चिऱ्यांइतकीच मोठी मदत होईल.

हौदाच्या आत अंथरायला ५०० मायक्रॉनचा, शेततळ्याला वापरतात तसला जाड कागद लागेल. माप २० बाय १६ फूट आणि तोही अखंड. जोड दिलेला कागद चालणार नाही. जोड कितीही चिकटवला तरी चिऱ्याच्या कोपऱ्यावर ताण येतो, तो तिथेच उसवतो आणि पाणी नेमकं कुठून जातंय ते सापडत नाही. साधी ताडपत्रीही नको. तिच्या विणीतून थेंब-थेंब झिरपतं आणि सकाळी हौद दोन इंच उतरलेला असतो. कागदाखाली जांभ्याची कच राहिली तर ती कागदाला भोकं पाडते. म्हणून खाली गोणपाटाचे दोन थर आणि त्यावर जुन्या गोधड्या. गोणपाट ३०, गोधड्या फाटक्या चालतील, पण धुतलेल्या द्या.

आता भरती कशी येते ते. १००० लिटरची पाण्याची टाकी हौदाशेजारी जमिनीवरच ठेवायची. कॉक उघडला की टाकीतलं पाणी आपसूक हौदात येतं आणि टाकीची पातळी उतरेल तसा वेग कमी होत जातो. खरी भरतीही शेवटी अशीच मंदावते, त्यामुळे वेगळी काही करामत लागत नाही. ओहोटीला मात्र पंप हवा. इथे एक सूचना: कूलरच्या पंपाच्या खोक्यावर तासाला किती लिटर म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा. आपल्याला ते साडेचार फूट चढवून टाकीच्या तोंडात सोडायचं आहे. सहा फुटांपर्यंतच चढवणारा पंप तिथे पोचेपर्यंत धाप टाकतो, धार करंगळीएवढी उरते. खोक्यावरची उंची निदान १० फूट असेल असाच पंप द्या. असा पंप पाऊण तासात भरतीचं पाणी उपसून हौद ओहोटीला आणतो, आणि खेळाचं वेळापत्रक त्यावरच बेतलं आहे.

एकूण पाणी ठरावीक असल्यामुळे हौद ओसंडण्याचा प्रश्न नाही, फक्त ऑक्टोबरच्या उन्हात रोज दोन-तीन बादल्या उडून जातील. त्या विहिरीच्या गोड्या पाण्याने भरायच्या. मुलांना समुद्राचं पाणी हवं आहे, पण खारं पाणी पंपाच्या दांड्यावर आणि वायरीच्या टोकांवर पहिल्या आठवड्यातच गंज चढवतं. चांदवेळचा समुद्र गोडाच राहील.

वीज आणि पाणी एकत्र, त्यात मुलं. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पंप सुरू होणार नाही, हा ठराव झालेला आहे. एमसीबी आहे की, असं कुणी म्हणेल. पण तो तार वाचवतो, माणूस नाही. अर्थिंग तपासायला आणि बोर्ड साडेचार फुटांवर, पागोळ्यांपासून लांब बसवायला एक वायरमन अर्धा दिवस हवा आहे. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, म्हणून वर मांडवाला पत्रे घेणार आहोत, झावळं नव्हे. शिडांना वारा घालायला टेबल पंख्याऐवजी हातपंखे; ताडाचे किंवा पुठ्ठ्याचे २० जमले की झालं.

साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडता होतो. हौद त्याहून जास्त दिवस भरलेला राहील, म्हणून ५० गप्पी मासे सोडायचे. ज्यांच्या विहिरीत आहेत त्यांनी द्यावेत, पण आम्ही निरोप दिल्यावर. बेटाचा पाया सिमेंटचा आहे आणि ताज्या सिमेंटची क्षारता पाण्यात उतरली की मासे मरतात. पाया दसऱ्यापर्यंत घालून, सात दिवस ओला ठेवून, दोनदा पाणी बदलल्यावरच मासे सोडायचे. पंपाच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीची दुहेरी पिशवी बांधू, म्हणजे मासेही आत जाणार नाहीत आणि काथ्याचे धागे पात्यात अडकणार नाहीत.

पायाला सिमेंटच्या दोन गोण्या आणि दहा घनफूट वाळू, म्हणजे एकास चार. पुळणीवरची वाळू कुणीही आणू नये, ती खारट असते आणि काढणं बेकायदाही आहे. पाया तळापासून ९ इंचांपर्यंत सिमेंटचा आणि त्यावर शाडू व जांभ्याच्या कपच्या. शाडू पाण्याच्या पातळीखाली गेला तर विरघळतो, पाणी ताकासारखं होतं आणि पंप गुदमरतो.

घरं २४०. एका घराला एक जुनी लग्नपत्रिका लागते, जाड कागदाची, देवाचं चित्र कापून बाजूला ठेवलेली. वरच्या पेठेला गेरू लावलेल्या खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्याची कौलं, खालच्या बाजाराला पोफळीच्या विऱ्यांची, म्हणजे पानाच्या रुंद देठांची, छपरं. विऱ्या ६० पुरतील. ओल्या असतानाच सपाट दगडाखाली दाबून सुकवा, नाहीतर त्या गुंडाळतात आणि मग कापताना चिरतात. देवळाच्या आणि दीपगृहाच्या घुमटांना करवंट्या, तासलेल्या, १५. खळीने चिकटवलेल्या घरांना बुरशी येते, म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद लागतो. तो विषारी आहे, खळ मोठ्यांनीच शिजवायची आणि लावायची. बाजारातल्या ज्या ७० घरांत पाणी शिरणार, त्यांना खळ किंवा सुताराचा साधा पांढरा गोंद उपयोगाचा नाही. दोन्ही भिजले की मऊ पडतात. त्यांचा खालचा इंचभर भाग वितळलेल्या मेणात बुडवायचा. मेण गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, सरळ आगीवर ते पेट घेतं. अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या जपून ठेवल्या असतील तर पाठवा, तीन किलो हवं आहे. थर्माकोल कृपया आणू नका. सजावटीसाठी त्यावर २०१८पासून राज्यात बंदी आहे, आणि तसाही तो पाण्यावर तरंगतो. अख्खी पेठ भरतीबरोबर उठून चालू लागेल.

गलबतं २४: अठरा खेळाची, सहा राखीव. लाकूड पांगाऱ्याचं, सावंतवाडीची खेळणी ज्याची होत आली तेच. हलकं असतं आणि मुलांच्या हाताला कोरता येतं. चार इंच जाडीच्या फांद्या, एकूण २५ फूट, पण निदान दोन महिने सावलीत वाळलेल्या. ओल्या लाकडाचं गलबत पहिल्याच उन्हात नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, उकलतं. लांबी १० इंच, रुंदी ३, उंची दीड. तळाशी १०० ग्रॅम लोखंडी नट ठोकले नाहीत, तर शिडात वारा भरताच गलबत आडवं होतं. जाळ्याचं शिसं सोपं वाटतं, पण ते मुलांच्या हाती द्यायचं नाही. डोलकाठी बांबूच्या कामटीची, परबाण (शीड बांधायची आडवी काठी) माडाच्या हिराचं, शीड मांजरपाटाचं. मांजरपाट दोन मीटर पुरेल. परबाण कुठे बांधायचं आणि दोर कसा सोडायचा, हे दाखवायला एखादे तांडेल (होडीचे म्होरके) दोन संध्याकाळी येऊ शकले तर मुलांचं भाग्य.

रिकामं गलबत पाऊण इंच बुडतं. २५ ग्रॅमच्या सहा थैल्या चढवल्या की सव्वा इंच. आतल्या बंदरात ओहोटीला फक्त अर्धा इंच पाणी राहतं. माल चढवण्यात वेळ घालवला तर गलबत चिखलात बसतं आणि पुढची भरती येईपर्यंत धक्क्याचं भाडं चढत राहतं. १५० थैल्यांसाठी शिंप्याकडच्या चिंध्या आणि चार किलो कोरडी बारीक वाळू लागेल.

बंदराची बाकी रचना मनाची असली तरी मनमानी नाही. तोंड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ करून आहे. वाघोटन खाडीच्या मुखाशी डोंगराआड असलेलं विजयदुर्गाचं बंदर बघा. बेटावर गोडं पाणी आधी, तटबंदी मग: सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत म्हणून तिथे माणूस राहू शकला. जकात घेणारी मांडवी धक्क्यावरच. मालात सुपारी, आमसूल, कापड, निळं मीठ आणि घोडे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १५व्या शतकात घोडा घेऊन चौलला उतरला होता, तेव्हा घोड्यांना हसू नये. एका तांड्याचा मण ४० शेरांचा, दुसऱ्याचा ४८ शेरांचा. जुन्या काळीही मण गावागणिक बदलत असे, आणि खेळातली निम्मी भांडणं तिथेच होणार. नाणं म्हणजे लारी: आदिलशाहीत दाभोळकडे चालायची तशी, तारेचा तुकडा मधोमध दुमडलेला. खरी चांदीची असे, आपली ॲल्युमिनियमची. ४ इंचाची एक, अशा ६०० लाऱ्यांना ६१ मीटर तार. ६५ मीटर मिळावी. टोकं कानशीने घासून द्यायला कुणी तयार असेल तर उत्तम.

पैशांचं सांगतो. जाड कागद ३,०००, पंप १,२००, पाइप व कॉक १,५००, बोर्ड व आरसीसीबी २,५००, सिमेंट-वाळू १,५००, रंग ३,५००, तार ६००, पत्र्यांचं भाडं ४,०००, चहा व किरकोळ २,०००. बेरीज १९,८०० रुपये. बालविभागाच्या खात्यातून ७,८०० घातले आहेत, १२,००० कमी आहेत. वर लिहिलेली वस्तू कुणी दिली की तिची रक्कम यातून वजा होईल, आणि उरलेला आकडा दर रविवारी फळ्यावर लिहिला जाईल. १२,००० पुरे झाले की पैसे घेणं बंद. वस्तू आणि रोख वाचनालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत द्यावी. रोख असेल तर छापील पावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. देणगीदारांच्या नावाची पाटी लागणार नाही. ज्यांना नावच हवं असेल त्यांच्या नावाने चांदवेळमधलं एखादं दुकान किंवा गलबत ओळखलं जाईल, मात्र ते गलबत बुडलं तर तक्रार घेतली जाणार नाही.

चिरे, गोणपाट आणि पांगारा घटस्थापनेच्या आधी हवेत. पत्रिका, विऱ्या, करवंट्या कोजागिरीपर्यंत चालतील. गप्पी निरोप आल्यावर.

आपले,
वाचनालय कार्यकारिणी व बालविभाग